बावीस टिचबटणांचा गालिचा

ब्रेक आपण दाबला होता, याबद्दल अनंतबाबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाय पुढे गेला, पायाखालची प्लास्टिकची चटईही पायाबरोबर पुढे गेली, पेडलखाली जाऊन दुमडली आणि पेडल तिथंच अडलं. गाडी मात्र अडली नाही. ती सावकाश, घरंदाज चालीनं शेजारच्या शेवंतीकाकूंच्या खळ्यात शिरली आणि वाळत घातलेल्या काजूबियांच्या मधोमध जाऊन थांबली.

एवढ्यावर भागलं असतं. लाटंबार्शे गावात कुणाच्या ना कुणाच्या खळ्यात कुणी ना कुणी शिरतच असतं. पण बाजूच्या सीटवर, मांडीवर फाईल घेऊन, गाडीची पाहणी करायला आलेले साहेब बसले होते.

साहेबांनी पायाशी पडलेलं पेन शोधलं. मग फाईल उघडून, जे लिहायचं ते मोठ्यानं म्हणत लिहिलं, "इंजिन उत्तम. बॉडी उत्तम. तळ..." इथं त्यांनी जरा विचार केला, "तळ सरकता."

"साहेबानू, तळ नाय, चटई," बाबा म्हणाले.

"बसणाऱ्याला दोन्ही एकच," साहेब म्हणाले. "जुन्या गाड्यांच्या नोंदणीत आतली सजावटसुद्धा बघतात. गालिचा बसवा. आणि पक्का बसवा. पंधरा दिवसांनी येईन. तेव्हा सरकला तर माझे हात बांधलेले आहेत."

साठ वर्षांची ती दोन सीटांची, छप्पर मागे पडणारी इंग्रजी गाडी बाबांकडे कशी आली ते राहू दे. ती होती, आणि खाणीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले बाबा रोज संध्याकाळी तिला पुसत होते, एवढं पुरे. पण नोंदणी नसल्यानं तिला रस्ता बंद होता. मुरगावच्या बंदरात नोकरीला असलेल्या गौरेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, शेवटी सांगून टाकलं होतं: पाहणीत पास झाली तर राहील, नाही तर आश्वेच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. त्या हॉटेलवाल्याला ती फाटकाशी उभी करून, छप्पर काढून, आत माती भरून कर्दळ लावायची होती.

त्या संध्याकाळी बाबा पेज अर्धी टाकून उठले. गौरेशची बायको तनया गवूला मांडीवर घेऊन भरवत होती. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. ती पेडण्याची, शाळेत मास्तरीण होती आणि सध्या आठ महिन्यांच्या गवूची आई होती. पण पेजेच्या ताटलीत विरघळत चाललेल्या लोणच्याकडे बघताना तिच्या मनात आलं की गालिचा म्हणजे शेवटी कापडच. कापड मापून कापणं आणि जागच्या जागी बसवणं, हे तर तिला येत होतं.

आता तिच्याकडे वेळ किती, तर गवू झोपेल तेवढा. गवूची झोप म्हणजे कचेरीतली खिडकी. उघडेल केव्हा सांगता यायचं नाही, आणि आपला नंबर लागला रे लागला की बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तशी तनया पोरीला सासूबाईंच्या स्वाधीन करून गाडीत शिरली. म्हणजे डोकं पेडलांपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर, अशा अवस्थेत.

"गो बाय, पडलंस की काय?" कुंपणावरून शेवंतीकाकूंनी विचारलं. काजूबियांचा राग त्यांनी अजून सोडला नव्हता; पण काय चाललंय ते कळल्याशिवाय राग तरी नीट कसा करणार?

"नाही काकू, बघतेय खाली काय आहे ते."

"खाली काय आसतला? जमीन."

पण जमीन एवढ्यात येणार नव्हती. प्लास्टिकच्या चटईखाली खाणीची शिक्के मारलेली गोणी निघाली. गोणीखाली कुणाच्या तरी दिवाणखान्यातला लिनोलियमचा तुकडा. त्याखाली जुन्या वर्तमानपत्राचं पान, आणि त्यात एक जाहिरात: पांढरी गाय हरवली आहे, डावं शिंग मोडकं, सापडल्यास कळवावं. तनया ती जाहिरात वाचत राहिली. गाय सापडली का? पुढचे दोन दिवस तिनं भेटेल त्याला हे विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मात्र डावं शिंग मोडलेली अशी गाय आपल्या मामाकडे होती, असं तिघांनी शपथेवर सांगितलं.

पानाच्याही खाली, अगदी कोपऱ्यात, तळहाताएवढा गालिच्याचा मूळ तुकडा उरला होता. गर्द तांबडा, लोकरीचा. त्याच्या टोकाला पितळी टिकली. तनयानं तो चिमटीत धरून ओढला.

टिच.

तिनं तो परत दाबला. टिच. पुन्हा ओढला. मग ती उलटीची सुलटी झाली, धावत आत गेली आणि झोपलेल्या गवूच्या झबल्याकडे बघत उभी राहिली. झबल्याच्या खांद्यावर दोन टिचबटणं. तीच. तान्ह्या मुलीला जे धरून ठेवतं तेच गाडीच्या तळाला धरत होतं! खिळा नाही, चिकटवणं नाही. तळाला एक अर्धं, गालिच्याला दुसरं. दमट हवेत गालिचा भिजला तर काढायचा, उन्हात घालायचा आणि परत टिच.

"आई, साठ वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं," ती सासूबाईंना म्हणाली.

"तेका पोर आसतला," पार्वतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा डुलक्या घेणाऱ्या नातीला थोपटू लागल्या.

पण टिचबटणाची गोष्ट पुरुषांना पटवणं सोपं नव्हतं. गौरेशनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोल्युशन लाव नि चिकटवून टाक. किती विचार करतेस?" डिचोलीच्या बाजारात ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या विठूमामांनी तर ती टिकली दोन बोटांत धरून, भातातला खडा निघावा तसं तोंड केलं.

"ह्या? हे पोलक्याक लावतत गो. गाडी म्हणजे काय पोलका? मी खाणीच्या ट्रकांका रबर बसवलंय. आरपार बोल्ट, खाली नट. ट्रक मोडीत गेलो, रबर नाय हाललो."

"पण मामा, काढायचं झालं तर?"

"काढूचा?" विठूमामांना हा विचार आयुष्यात प्रथमच भेटला होता. "बसवलेला कित्याक काढूचा?"

बाबांना ट्रकचं उदाहरण पटलं. वर्कशॉपच्या माणसाला बोल्टाबद्दल जो आदर असतो तो देवाखालोखालचा. विठूमामा ड्रिल मशीन घेऊन घरी आले आणि तनया गवूला आंघोळ घालून बाहेर येईपर्यंत त्यांनी तळाला एक भोक पाडलंसुद्धा. त्या भोकातून खाली बघितलं तर पेट्रोलची नळी दोन बोटांवर दिसत होती. नळीच्या पलीकडे कोंबडी.

बाबांनी भोकाला डोळा लावला आणि बराच वेळ वर काढला नाही. मग ते नुसतं "मशीन बंद कर" म्हणाले. विठूमामांनी मशीन बंद केलं, दोनदा खाकरले, आणि जाताना तनयाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की जुन्या जीपगाड्यांच्या टपांना असली टिचबटणं असत, खालचं अर्धं स्क्रूनं बसणारं, आणि त्यांची एक डबी आपल्या दुकानात पडून आहे. "पण मी दिलंय म्हणान खय सांगा नको. ट्रकवाले हसतले."

टिचबटणं झाली. गालिचा? डिचोलीच्या बाजारात गाडीचा म्हणून जो गालिचा मिळतो तो काळा किंवा करडा आणि चमकणारा. तनयाला हवा होता तो गर्द तांबडा. तो शेवटी तिला लग्नाचे माटव, म्हणजे मांडव, घालणाऱ्या सिद्धेशकडे मिळाला. लग्नात नवरानवरी ज्याच्यावरून चालत येतात तो, नवीन रोलाचं टोक. पाठ पांढरी, पोट तांबडं. सिद्धेशनं दोन हात कापून दिला.

तिनं वर्तमानपत्राचे कागद जोडून साचा केला. ड्रायव्हरच्या बाजूच्या तळावर कागद पसरला, कडा नखानं दाबल्या, गिअरच्या उंचवट्याला गळ्यासारखा आकार दिला. पोलक्याचा गळा बसवणं याहून अवघड असतं, कारण गाडी कुरकुर करत नाही. कागद गालिच्यावर ठेवून एक बाजू कापली. इतकी सुरेख बसली की तिनं स्वतःशीच मान डोलावली. मग तोच कागद, तसाच, ठेवून तिनं दुसरी बाजू कापली.

शिवणारी बाई हे वाचून एव्हाना कपाळावर हात मारून घेईल. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या! कागद उलटा ठेवायचा राहिला. आईकडे शिवण शिकताना पहिल्याच आठवड्यात तिनं असं झबलं केलं होतं, आणि आता चौदा वर्षांनी एक आख्खी गाडी.

"एक बाजू उलटी घालूया," बाबा समजुतीनं म्हणाले. "पांढरा वर. कोण बघता?"

"साहेब," तनया म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक आला की बाबा एकदम उठून स्कूटरची चावी शोधू लागले.

डिचोलीला सिद्धेशनं हात वर केले. उरलेला रोल वाळपईच्या लग्नात गेला होता, तीस हात लांब, आजच. "मामा, लग्न लागल्यावर टोकाचो तुकडो कापून घ्या. माणसाक फोन करून सांगतंय." बाबा तसेच वाळपईला गेले. ते परत आले संध्याकाळी पाचला. खांद्यावर गालिच्याचा तुकडा, हातात नारळ, आणि कपाळावर अक्षता.

"जेवलात?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"जेवूकच लागला. गालिच्याच्या बाजूक उभो होतंय, तर नवऱ्याकडच्यांका वाटला मी व्हकलेकडचो, आणि व्हकलेकडच्यांका वाटला मी नवऱ्याकडचो. दोगांनीय आग्रह केल्यानी. मग गालिचो गुंडाळूक लागले तेव्हा मी टोकार पाय देवन उभो रवलंय." नारळाकडे बघत ते पुढे म्हणाले, "व्याही म्हणान दिलो. घेवचोच लागलो."

त्या तुकड्यातून तनयानं सव्वा वाटी तांदूळ आणि एक बुंदी झाडून काढली. या वेळी कागद उलटा ठेवला. तीनदा तपासला. गवूलाही दाखवला.

आता उरली होती ती खरी मेख. तळाला बावीस टिचबटणांची खालची अर्धी स्क्रूनं बसली. हे काम बाबांनी केलं, पेट्रोलच्या नळीपासून हातभर लांब राहून. पण गालिच्यावरचं प्रत्येक वरचं अर्धं नेमकं त्याच्या माथ्यावर यायला हवं. सुतभर चुकलं तरी टिच होत नाही, नुसतंच दाबल्यासारखं वाटतं. खुणा कशा करणार? खडूनं केल्या, पुसल्या. पेन्सिल गालिच्यावर उठेना. दुपारी गवू झोपल्यावर तनया गाडीच्या दारात बसून विचार करत होती. समोरून शेवंतीकाकू गेल्या, कपाळावर नेहमीचं रुपयाएवढं कुंकू. तनया उठलीच.

देवघरातलं कुंकू तिनं तेलात कालवलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या अकराही टिचबटणांच्या डोक्यांवर बोटानं एक एक टिकली लावली. वरून गालिचा पसरून दाबायचा, उचलायचा, की पांढऱ्या पाठीवर अकरा लाल ठिपके! ती कौतुकानं त्या रांगेकडे बघत होती तेवढ्यात आत गवूनं भोकाड पसरलं.

ती पाऊण तासानं बाहेर आली. गाडीतून उदबत्तीचा धूर येत होता.

पार्वतीबाई देवळातून फुलांची परडी घेऊन येत होत्या. गाडीत डोकावल्या तर आत ओळीनं अकरा गोल माथी, प्रत्येकाला ताजं कुंकू. सून एवढं करते, आणि आपल्याला सांगतसुद्धा नाही! त्यांनी प्रत्येक माथ्यावर एकेक अबोली ठेवली, अक्षता टाकल्या, गुळाचा खडा दाखवला आणि हाक मारून शेवंतीकाकूंना बोलावलं. काकूंनी काजूबियांचं वैर विसरून नारळ वाढवला.

"आई, ती खूण होती हो," तनया म्हणाली.

"कसली खूण?"

"बटणं कुठं बसवायची त्याची. लाल ठळक दिसतं म्हणून..."

पार्वतीबाईंनी तिच्याकडे, मग गाडीकडे बघितलं. "कुंकू तू लावलंस. निवेद मी दाखवलंय. आता तेच्यार पाय ठेवूचो नाय."

"अगो, पाय ठेवूचो नाय तर ब्रेक काय कपाळान मारू?" बाबा पडवीतून ओरडले.

"तो तुमचो प्रश्न."

"चटईन ब्रेक अडायलो, आता तू अडय!"

दोन दिवस घरात या विषयाशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवंतीकाकूंचं मत पडलं की गाडीत मांडी घालून बसावं. विठूमामांनी निरोप धाडला की ट्रकला समोर फोटो असतो, पायाखाली नाही, आणि बोल्ट लावले असते तर ही पाळी आली नसती. गौरेश फोनवर इतका हसला की तनयानं फोन गवूच्या हातात दिला. पण हसू संपल्यावर तो म्हणाला, "हॉटेलवाल्याचा काल पुन्हा फोन आला होता. परवा पाहणी झाली की कळवतो म्हटलंय." मग मात्र तनया हसली नाही. ती सासूबाईंशेजारी जाऊन बसली, त्यांच्याबरोबर फुलं ओवू लागली आणि म्हणाली, "आई, देवळाच्या पायरीवर आपण पाय ठेवतोच ना?"

पार्वतीबाईंचा हात थांबला. "आदी हात लावन पाया पडतंव. मगे पाय. आणि चपला भायर."

"मग?"

त्यांनी आणखी दोन अबोल्या ओवल्या. मग म्हणाल्या, "चपला भायर म्हणजे सगळ्यांच्यो. साहेब आसलो तरी."

त्याच रात्री तनयानं दुसऱ्या बाजूलाही कुंकू लावलं आणि उठलेल्या ठिपक्यांवर बावीसही बटणं बसवली. पंधराव्या दिवशी साहेब आले. फाईल तीच, बूट नवे. बाबांनी गाडीचं दार उघडलं. आत गर्द तांबडा गालिचा, कडेनं पितळी टिकल्या, ना सुरकुती ना सांधा. साहेबांनी बूट उचलला आणि समोर पार्वतीबाई उभ्या.

"साहेबानू, बूट."

"काय?"

"भायर."

बाबांनी डोळे मिटले. तनयानं गवूला घट्ट धरलं. कचेरीच्या माणसाला कामाच्या वेळी बूट काढायला लावणं म्हणजे कर्दळीला आमंत्रणच. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, पार्वतीबाईंच्या कपाळाकडे पाहिलं, मग फाईल उघडून बराच वेळ पानं उलटली.

"पादत्राणांबद्दल यात काही म्हटलेलं नाही," ते अखेर म्हणाले, पडवीच्या पायरीवर बसले आणि नाडी सोडू लागले. मोजे घडी करून बुटात ठेवले. उठले, वाकून गालिच्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत बसले. "आमच्याकडे नवीन ट्रक घेतात तेव्हा आई हेच करायला लावते," ते जरा ओशाळून म्हणाले. "गाडी मी चालवतो."

गाडी तिठ्यापर्यंत गेली आणि आली. जाताना तीन वेळा आणि येताना चार वेळा करकचून ब्रेक लागल्याचं सगळ्या वाड्यानं ऐकलं. उतरल्यावर साहेबांनी गालिचा दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. पायानं रेटला. हलला नाही. मग त्यांनी एका कोपऱ्याला बोट घातलं.

टिच.

साहेब थांबले. परत दाबलं. टिच. मग शेजारचं. तपासणी म्हणून त्यांनी एका बाजूची अकरा काढून लावली, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूची अकरा. चेहऱ्यावर कचेरीचं काही उरलं नव्हतं.

"काम कुठल्या वर्कशॉपात केलं?" पेन काढत त्यांनी विचारलं. "रकाना आहे. कारागीर आणि ठिकाण."

विठूमामा काही कामाशिवाय तिथं आलेच होते; ते घसा साफ करून पुढे सरले. पण बाबा आधी बोलले. एरवी बोलताना मध्ये ओरडणारे बाबा, आता हळू आणि सावकाश बोलले, जसं नाव सांगताना चुकू नये म्हणून माणूस बोलतो तसं.

"लिवा साहेबानू. कारागीर, तनया. माझी सून. ठिकाण, आमची पडवी."

साहेबांनी तसंच लिहिलं. खाली सही केली. विठूमामा म्हणाले, "टिचबटणां माझी!" पण रकाना संपला होता.

नोंदणीचा नंबर यायला मे उजाडला. पहिल्या दिवशी बाबा पार्वतीबाईंना घेऊन डिचोलीच्या बाजाराला निघाले. दोघंही अनवाणी, नियम म्हणजे नियम. चपला पडवीत जोडीनं राहून गेल्या, हे दोघांच्या लक्षात आलं ते बाजारात, भर बारा वाजता, पार्वतीबाईंनी डांबरावर एक पाय टेकवला तेव्हा. तो त्यांनी लगेच वर घेतला.

आता करणार काय? दोघं छप्पर उघडलेल्या गाडीत तशीच बसून राहिली. अशी गाडी आणि आत अशी दोघं म्हटल्यावर माणसं जमणारच. पाववाल्यानं गरम पोया आणून दिल्या. भाजीवालीनं टोपली गाडीच्या दारावरच टेकवली आणि पार्वतीबाईंनी बसल्या जागी भेंडी निवडून घेतली. सिद्धेशनं सावलीला छत्री धरली. विठूमामांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून टिचबटणं दाखवली. देवदर्शनाला यावं तसं एकेक जण वाकून आत बघत होता.

तिसऱ्या प्रहरी गाडी पडवीसमोर थांबली तेव्हा तनया गवूला खांद्यावर घेऊन वाट बघत उभी होती. पार्वतीबाई उतरल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची भेंडी सारखी केली आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "बरी गाडी गो. उतरूचाच लागणा नाय."